पांढऱ्या फरशीवरचे गोल डाग

महागाव,
१४ जून २०२३

शीला, जय भीम.

तुझी मामी अजून जिवंत आहे, फक्त कान पार गेले. फोन करू नकोस म्हणून किती वेळा सांगायचं? तू तिकडून बोलतेस, मी इकडून अंदाजाने हो हो म्हणते, आणि मागच्या खेपेला त्या हो हो मध्ये कोणाच्या तरी लग्नाला यायचं कबूल करून बसले. मोबाईलवर लिहून पाठवशील, तर तो मोबाईल शेजारच्या बेबीताईकडे असतो, आणि बेबीताईने वाचलं म्हणजे गल्लीने वाचलं. तेव्हा पत्रच लिही. माझा जन्म अंगणवाडीत गेला, वाचता-लिहिता चांगलं येतं.

तू यवतमाळच्या दवाखान्यात कातडीच्या विभागात सिस्टर आहेस हे मी कौतुकाने सांगितलं आणि पस्तावले. आता माझ्याच ओट्यावर दवाखाना भरतो. बेबीताईची नात रूपाली हिच्या डोक्यात मागच्या बाजूला बांगडीएवढं गोल टक्कल पडलं आहे. एकदम गुळगुळीत. बेबीताई म्हणते चाई लागली, बिब्बा घासला की केस येतात. पोरगी रडते. आणि पलीकडच्या उत्तमसिंगच्या मानेवर चामखीळ आहे, तिला घोड्याच्या शेपटीचा केस बांधून ती गळायची वाट बघत तो बसला आहे. दोघांचं काय करायचं ते लिही.

आता माझं. हे वाचून झालं की पत्र फाडून टाक.

तुला आठवतं, मामा बांधकामाच्या पालखावरून पडून डावा पाय गेल्यावर काठी घेऊन चालायचे. त्या काठीच्या टोकाला त्यांनी पंक्चरवाल्या इकबालच्या दुकानातून टायरचा तुकडा आणून ठोकला होता. स्वतः गवंडी, स्वतःच्या हाताने ही पांढरी फरशी बसवली, आणि स्वतःच तिच्यावर काळे गोल डाग पाडत फिरायचे. मी रोज ओरडायची, रोज पुसायची. गेल्या वर्षी ते गेले, काठी आपण त्यांच्याबरोबरच सरणावर ठेवली. तूच ठेवलीस.

शीला, ते डाग परत पडायला लागले आहेत.

तुझी मामी

यवतमाळ,
२२ जून २०२३

मामी,

पत्र फाडलं नाही. फाडणारही नाही.

आधी तुझा दवाखाना. रूपालीला बिब्बा अजिबात लावू देऊ नकोस. कातडी भाजते, फोड येतात, आणि मग तिथे खरंच कधी केस येत नाहीत. चाई म्हणजे कीड नाही, कोणाची नजरही नाही. अंगातलीच संरक्षणाची शक्ती चुकून केसांच्या मुळांवर उलटते. बहुतेक वेळा केस परत येतात, पांढरे आले तरी घाबरू नका, पुढे काळे होतात. पण जागेवर कोंड्यासारखे पापुद्रे असतील आणि केस तुटके दिसत असतील तर तो नायटा, त्याला गोळ्या लागतात. एकदा डॉक्टरला दाखवा. उत्तमसिंग काकांना म्हणावं, घोड्याला त्याचे केस राहू द्या. मऊ, लोंबणारी, कातडीच्या रंगाची चामखीळ निरुपद्रवी असते, डॉक्टर दोन मिनिटांत काढतात. पण काळी असेल, वाढत असेल, रक्त येत असेल तर बांधाबांध न करता आधी दाखवायची.

आता तुझे डाग. मामी, ज्याने जन्मभर विहारात उभं राहून मेल्यावर काही उरत नाही म्हणून भाषणं दिली, तो माणूस मेल्यावर स्वतःच येऊन फरशी घाण करतो? गॅसच्या टाकीचं बूड बघ. बादलीचं बघ. उंदीर बघ. आणि एक कर, ओलं पांढरं फडकं घेऊन डाग पूस आणि फडक्याला कोणता रंग लागला ते लिही. टायरचा डाग असेल तर काळं येईल.

शुगरची गोळी घेतेस ना?

शीला

महागाव,
९ जुलै २०२३

शीला,

रूपालीला बिब्बा लावू दिला नाही. बेबीताई दोन दिवस बोलली नाही, तेवढीच शांतता. अर्थात मला तशीही शांतताच.

पण बिब्ब्याला तू फारच शिव्या देतेस. आम्ही दोघं कापूस वेचायला जायचो त्या काळातली गोष्ट. माझ्या डाव्या टाचेत बाभळीचा काटा मोडला. मामांनी घरी येऊन बिब्बा सुईला टोचला, दिव्यावर धरला आणि तापलेलं तेल टाचेवर दाबलं. मी किंचाळले तर म्हणाले, "कायले बोंबलतं, आता ह्या पायात काटा जातच नाही पाह्य." खरंच मग काटा कधी टोचला नाही. त्याचा काळा डाग अजून आहे. मी त्याला त्यांची सही म्हणते.

गॅसची टाकी बघितली, कोरडी आहे. उंदीर गोल डाग पाडत नाहीत. तू सांगितलं तसं पांढरं फडकं घेऊन पुसलं. काळं आलं नाही, तांबूस आलं. मग लक्षात आलं, अंगणात लाल मुरूम टाकलेला आहे, काठी त्यातूनच येत असणार.

आणि ऐक. सकाळी मी स्वयंपाकघरातून निघते, बाबासाहेबांच्या फोटोपुढे मेणबत्ती लावते, खिडकीजवळच्या त्यांच्या खुर्चीत घडीभर बसते. जाताना फरशी स्वच्छ असते. उठून मागे वळले की डाग असतात. एकामागे एक, चालीच्या अंतरावर, खुर्चीपर्यंत. खुर्चीपाशी सर्वांत मोठा, कोणी बराच वेळ टेकून उभं राहिल्यासारखा. मी पुढे चालते, ते मागून येतात. मला ऐकू येत नाही हे त्यांना माहीत आहे, म्हणून आवाज न करता खूण ठेवतात.

पहिल्या दिवशी अंगावर काटा आला. आता नाही. आता मी सकाळची वाट बघते.

विहारातल्या बायकांना हे कळलं तर भाषणं देणाऱ्या नागोरावांच्याच घरात भूत निघालं म्हणून हसतील. म्हणून कोणाला घरात घेत नाही, सगळ्यांना ओट्यावरच बसवते.

तुझी मामी

यवतमाळ,
१७ जुलै २०२३

मामी,

तुझं पत्र मी ड्युटीवर वाचलं आणि पुन्हा घरी येऊन वाचलं. थट्टा करणार नाही.

मला फक्त एका प्रश्नाचं उत्तर हवं आहे, नीट विचार करून दे. तू जिथे गेली नाहीस अशा एखाद्या जागी डाग पडला आहे का? घरात चार कोपरे आहेत, मागची खोली आहे. कुठेही.

आणि तुझे पाय कसे आहेत? मुंग्या येतात का? चप्पल पायातून निघून गेली तर कळतं का?

लगेच लिही.

शीला

महागाव,
२५ जुलै २०२३

शीला,

पायांचं काय विचारतेस, ते वर्षभरापासून कापसावर चालल्यासारखे आहेत. मागच्या महिन्यात चप्पल बाजारात राहिली आणि घरी आल्यावर कळलं. बेबीताई खूप हसली. म्हातारपण आहे, दुसरं काय.

तुझ्या प्रश्नावर विचार केला. नाही. मी जिथे जाते तिथेच ते येतात, दुसरीकडे कुठे जात नाहीत. जिवंतपणीही तेच होतं. मी शेजारी गेले तरी पाच मिनिटांत काठी टेकत दारात हजर. मागच्या खोलीत तर एकही डाग नाही. तिथे त्यांची थापी, रंधा, ओळंबा अजून खिळ्याला लटकलेला आहे. मला बघवत नाही, म्हणून मी ती एक पायरी उतरून गेलेच नाही. तांदूळ काढायचे तर बेबीताईला मागच्या दाराने बोलावते.

एक नवीन गोष्ट. काल खुर्चीपाशी बसल्याबसल्या डोळा लागला. जागी झाले तर डागाला मुंग्या लागल्या होत्या, काळी रांग लागली होती. मी हसले. चहात किती साखर घालून प्यायचे ते तुला माहीत आहे. घरात वास पण येतो अधूनमधून, भिंतीआड पाल मेल्यासारखा. उदबत्ती लावते.

रूपालीच्या टकलावर बारीक पांढरी लव आली. तू म्हणालीस तसंच. गल्लीत तुझं नाव झालं.

तुझी मामी

यवतमाळ,
२९ जुलै २०२३

मामी,

आता मी जे लिहिते ते बसून वाच.

टायरच्या डागाला मुंग्या लागत नाहीत. मुरूम सगळ्या अंगणात आहे, मग डाग फक्त तुझ्या वाटेवर कसा पडतो? आणि मामा परत आला असता, तर तो तुझ्या मागे येण्याआधी मागच्या खोलीत गेला असता. वर्षभर ज्याची थापी खिळ्याला टांगलेली आहे तो गवंडी तिला हात लावल्याशिवाय राहील का? तूच सांग.

मामी, ते डाग तुझ्या पायाचे आहेत. डाव्या टाचेचे. टाच ओलावते, रक्त येतं, पण शुगरमुळे तळव्याला काही कळत नाही, म्हणून तुला पत्ता लागत नाही. तू चालतेस आणि शिक्का उमटत जातो.

राहवलं नाही म्हणून मी बेबीताईंना फोन केला. त्यांनी तुला ओट्यावर बसवून टाच बघितली, आठवतं? तू समजलीस त्या कुरूप बघतात. त्या मला म्हणाल्या, "काही नाही माय, तो तर जुना बिब्बा हाय. जरासा फुटला हाय, हळद लावून देतो." मी म्हटलं केवढा आहे, तर म्हणाल्या सुपारीपेक्षा मोठा, कडेला वाकडातिकडा, कुठे काळा कुठे निळसर.

बिब्ब्याने भाजलेला जुना डाग असेल तर तो होता तेवढाच राहतो. तो पसरत नाही, त्याच्यात दोन-दोन रंग येत नाहीत, तो ओलावत नाही. तळव्यावर असं काळं काही वाढत असेल तर तो कातडीचा कॅन्सर असू शकतो. आपल्या लोकांत तो तळव्यावरच जास्त येतो, आणि तिथे कोणी बघत नाही. म्हणतात काटा असेल, बिब्बा असेल, रक्त साकळलं असेल. आमच्याकडे अशी माणसं येतात तेव्हा पुष्कळदा उशीर झालेला असतो. तुझं ते आहेच असं मी म्हणत नाही. तुकडा काढून तपासल्याशिवाय कोणीच म्हणू शकत नाही. पण तपासायचंच आहे.

हळद लावू नकोस. कापू नकोस, खरवडू नकोस. स्वच्छ फडकं बांध. आरसा घे, डावा पाय उजव्या मांडीवर ठेव आणि बघ. मी पुढच्या रविवारी, सहा तारखेला येते. रागाव, पण तयार राहा.

शीला

महागाव,
५ ऑगस्ट २०२३

शीला,

हे पत्र उमरखेडहून यवतमाळला येणाऱ्या गाडीच्या कंडक्टरकडे देते आहे, तुझ्या दवाखान्यात पोचवायला सांगते. उद्या येऊ नकोस.

आरसा घेतला. बघितलं. पुन्हा तो आरसा पालथा घालून ठेवला.

मग तू सांगितलं तसं फडकं बांधलं आणि सकाळी खुर्चीपर्यंत गेले. वळून बघितलं. एकही डाग नव्हता. पांढरी फरशी, कोणी कधी चाललंच नाही अशी. शीला, एवढी भीती मला डाग पहिल्यांदा दिसले तेव्हाही वाटली नव्हती.

तू हुशार आहेस, तुझं खरंच असेल. पण तुझं खरं असेल तर मी इतके महिने एकटीच चालत होते. एकटीच खुर्चीपाशी बसून बोलत होते. मी त्यांना रूपालीचे केस सांगितले, उत्तमसिंगच्या घोड्यावर हसले, त्यांच्या आवडीची भाजी केली की ताटलीवर झाकण न ठेवता बसले. ते सगळं मी माझ्याच टाचेशी बोलत होते का?

मी फडकं सोडलं आहे. संध्याकाळी परत डाग पडले. मला बरं वाटलं. मला वेड लागलंय असं म्हणायचं तर म्हण. पण ती सही त्यांनी माझ्या अंगावर केलेली आहे, ती काढायला मी कोणाच्या हातात चाकू देणार नाही.

येऊ नकोस.

तुझी मामी

यवतमाळ,
२ डिसेंबर २०२३

मामी,

तू माझ्यावर अजून रागावलेली आहेस हे मला कळतं. तू नको म्हटलंस तरी त्या रविवारी मी आले आणि तुला रडत रडत गाडीत बसवलं, रडत तू होतीस की मी ते आठवत नाही. नंतर तुकडा तपासायला पाठवला, मग नागपूर, मग ऑपरेशन, टाचेवर मांडीची कातडी. तू सगळं मुकाट्याने करून घेतलंस. भूल उतरल्यावर मात्र पहिलं विचारलंस, "ते काय केलं त्याचं? फेकलं का?"

डॉक्टर म्हणाले ते मी तुला लिहून दिलं होतं, पुन्हा लिहिते. जांघेतल्या गाठीत काही सापडलं नाही. आपण वेळेत पोचलो. पण हा आजार गेला म्हणून पाठ फिरवायची नसते. ठराविक दिवसांनी येऊन पाय, जांघ, सगळं अंग बघून घ्यायचं, वर्षानुवर्षं. परत आला तर लवकर सापडला पाहिजे. नाही सापडला तर माझी मामी जाईल, हे मी स्पष्टच लिहिते.

आणि तू नोव्हेंबरची पहिलीच तारीख चुकवलीस. मी दवाखान्याच्या दारात उभी होते, महागावची प्रत्येक गाडी बघत होते.

नवीन काठी वापरतेस ना? तिचं राखाडी रबर मी मुद्दाम निवडून घेतलं, त्याचा डाग पडत नाही. तपासणीचं कार्ड मी ऑपरेशननंतर तुला घरी सोडून निघताना मागच्या खोलीत ओळंब्याच्या खिळ्याला अडकवलं होतं. म्हटलं, कार्डासाठी तरी ती पायरी उतरशील. पुढची तारीख त्याच्यावर आहे. मी इथे मुद्दाम लिहीत नाही. जा आणि बघ.

शीला

महागाव,
१० डिसेंबर २०२३

शीला,

रागावले होते. आता नाही, म्हणून लिहायला बसले.

नोव्हेंबरची तारीख मी विसरले नव्हते, मुद्दाम आले नाही. ऑपरेशन करून आले तेव्हापासून फरशी स्वच्छ आहे. तुझ्या राखाडी काठीचा खरंच डाग पडत नाही. मी खुर्चीपर्यंत जाते, वळते, काही नसतं. घर इतकं स्वच्छ असतं की तोंडात घास फिरतो. मनात म्हटलं, हा जीव राखून करायचं काय? कोणासाठी पाय तपासायचा? तुला हे वाचून वाईट वाटेल, वाटू दे, खरं आहे ते.

तुझं पत्र परवा आलं. काल सकाळी मी मागच्या खोलीच्या उंबऱ्यापर्यंत गेले. आत उतरणार नव्हते, लांबूनच कार्डावरची तारीख दिसते का बघावं म्हटलं. खोलीत धूळ बसलेली, तू कार्ड अडकवायला गेलीस त्या पावलांवरही. तांदळाच्या कोठीकडे जाणारी बेबीताईची पावलं तेवढी दिसत होती. आणि पलीकडे, ओळंब्याखाली, कार्डाच्या बरोबर समोर, एक डाग. काळा, गोल. एकच. त्याच्याकडे जाणारं किंवा तिथून निघणारं दुसरं काही नाही.

मी बेबीताईला हाक मारली. ती उंबऱ्यात आली, बघितलं, आणि माझ्याकडे तोंड करून सावकाश बोलली, म्हणजे मला ओठांवरून कळेल. "माय, मी त कोठीपाशीच जातो. तिकडं कायले जाऊ? मले भेव वाटते त्या ओळंब्याचं."

मग मी चौकट धरून ती पायरी उतरले. मामा गेल्यापासून पहिल्यांदा. आधी खाली बसून स्वतःची टाच बघितली, आरसा घेऊन, तू शिकवलं तशी. कोरडी होती, कातडी गुलाबी, सगळं जागेवर. मग तुझं ते ओलं पांढरं फडकं घेतलं आणि डागाची एक कड पुसली.

फडक्याला काळं आलं, शीला. तांबूस नाही, काळं. नाकाशी धरलं तर टायरचा वास.

तू विचारलं होतंस, तू जिथे गेली नाहीस तिथे डाग पडला का म्हणून. तेव्हा मी 'नाही' असं उत्तर दिलं होतं. आता हो.

बेबीताईने बघितलं, पण तिने गल्लीत अजून काही सांगितलेलं नाही. तूही याचं कारण शोधू नकोस. तुला सापडलं तर मला लिहू नकोस. उरलेला डाग मी पुसलेला नाही.

थापी हातात घेऊन बघितली, गंजली आहे, तिला तेल लावून ठेवलं. कार्ड काढून पिशवीत ठेवलं आहे. अठरा तारीख, सोमवार. सकाळच्या पहिल्या गाडीने निघते, स्टँडवर उभी राहा.

तुझी मामी